पुसायचा राहिलेला नाग

नागपंचमीला आई आमच्या जयपूरच्या रेल्वे क्वार्टरच्या भिंतीवर गंधाचा नाग काढायची. त्याला लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून टाकायची. ऐंशीच्या दशकात मी तिथेच चित्रकला शिकत होतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. परीक्षेला लोककलेतून सुचलेलं आधुनिक चित्र हवं होतं. मी आईचाच नाग तैलरंगात काढला, खेजडीच्या, म्हणजे तिकडच्या शमीच्या, बुंध्याला वेढा घालून वर बघणारा.

आई चित्रासमोर थांबली.

"याला निरोप कधी द्यायचा?"

"हे पुसत नाहीत, आई. मतलब, यावर माझे मार्क आहेत."

"पुजलेला असो की नसो, नाग घरात ठेवून घेत नाहीत, बाळा."

दुसऱ्या संध्याकाळी पाहिलं, तर नाग दाराकडे बघत होता. मीच तसा काढला असेन, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. रंग अजून ओला होता. आईने दुधाची वाटी आणली. मी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं.

परीक्षेला नुसतं झाड दिलं. सर बराच वेळ बुंध्याकडे बघत राहिले.

"इस पेड़ से अभी कोई उतरा है क्या?"