ह्यांचा भात बंद केला त्याची गोष्ट

चहा घ्या, पण तोंड वाकडं करू नका हं. आमच्याकडे आता बिनसाखरेचाच असतो. का, ते सांगायची लाज वाटते. पण कर्जतच्या निम्म्या बाजाराला माझी फजिती ठाऊक झालीय, मग तुम्ही तरी कशाला मागे राहायचं!

दिवाळीनंतर आमच्या ह्यांना डायबेटिस निघाला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, गोड बंद, भात एकच वाटी, रोज चाला आणि गोळ्या चुकवू नका." एवढंच! पण मला कुठलं एवढ्यावर समाधान? मी पदर खोचला.

मुलाने साखर मोजायचं यंत्र आणून दिलं. सकाळी उपाशीपोटी बोट टोचायचं, दाबून थेंब काढायचा, पट्टीला लावायचा. हे काम माझं, कारण ह्यांना सुई बघवत नाही. हे आपले डोळे मिटून बोट पुढे करायचे. सुरुवातीला आकडे अगदी शहाण्यासारखे यायचे. मी शेजारपाजारी सांगत सुटले, "बाई लक्ष घालणारी असली, की साखर वर जातेच कशाला?"

आणि संक्रांत तोंडावर आली. दरवर्षी मी घरून तिळाच्या लाडवांच्या ऑर्डरी घेते. पहाटेपासून चिक्कीच्या गुळाचा पाक आणि लाडू वळणं, दुसरं काही सुचत नाही. त्यातच हे उठले, की बोट टोचून घ्यायचं.

एका सकाळी आकडा बघते, तर दोनशे नव्वद!

"अहो, काय खाल्लंत?"

"काय नाय गं. आत्ताच तर उठलोय."

"मग रात्री?"

"रात्री तूच वाढलंस ना?"

आता तुम्हीच सांगा, घरात लाडवांचे डबे रचलेले, माणूस डायबेटिसचा, आकडा दोनशे नव्वद. तुम्ही काय समजला असता? मी डबे कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली.

दुसऱ्या दिवशी आकडा त्याहून वर!

मग मी भात अर्ध्या वाटीवर आणला. आकडा हलेना. भात बंदच केला. कर्जतचा माणूस हो, दोन भाकऱ्या खाल्ल्या तरी भात नसेल तर जेवलो म्हणत नाही. हे नुसते ताटातल्या भाताच्या जागेकडे बघत बसायचे.

त्यात सल्ल्यांना तोटा नाही. शेजारच्या वैशालीताई म्हणाल्या, कारल्याचा रस द्या. कशेळ्याहून येणारी भाजीवाली म्हणाली, "जांभळाच्या बियांचं चूर्ण घे गं बाय, आमच्या सासऱ्यांना लई गुण आला." मी सगळंच सुरू केलं. हे सकाळी रस प्यायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघवायचा नाही, म्हणून मी पाकाच्या कढईत बघत उभी राहायची.

कळंबला माझी नणंद असते. तिने नव्या तांदळाची गोणी पाठवली. मी आल्या टेंपोने परत धाडली! संध्याकाळी फोन आलाच.

"सुमन, माज्या भावाला उपाशी मारतेस काय गं?"

"वन्सं, साखर तीनशेला टेकलीय त्यांची!"

"मरू दे ती साखर! भाताबिगर जगलाय काय आमच्यात कोण?"

पण मी ऐकते कुठली! माझी खात्री झाली होती, की हे बाहेर चोरून खातात. फिरायला जातात ते कशाला? एका सकाळी मी मागोमाग निघाले. बरोब्बर! चहाच्या टपरीवर बसलेले. हातात ग्लास.

मी तिथूनच ओरडले, "किती साखर घालता हो ह्यांच्या चहात?"

टपरीवाला बिचारा गाळणी धरून उभाच राहिला. "काकी, देवाशप्पथ! काकांचा चहा कोरा असतो. साखर नाय, दूध नाय. मीच बोललो, काका, निदान दूध तरी घ्या. तर बोलले, घरी कळलं तर?"

दहा माणसं आमच्याकडे बघत होती. हे उठले आणि घराकडे चालायला लागले. घराशी आल्यावर एवढंच म्हणाले, "तुजा माज्यावर इस्वासच नाय राहिला गं."

मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण यंत्र काय खोटं बोलतंय?

शेवटी मी ह्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आदल्या दिवशी लॅबला दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "साखर छान आहे की! पण काका, किती वाळलात? जेवता ना नीट?"

"छान?" मी म्हटलं. "लॅबवाल्यांनी बाटल्यांची अदलाबदल केली असणार. थांबा, मी दाखवते."

पण आधी सणाचे दिवस म्हणून लाडवांचा डबा उघडला. एक लाडू बाईंच्या हातावर ठेवला, एक नर्सच्या. मग पिशवीतून यंत्र काढलं, ह्यांचं बोट धरलं, टोचलं, चांगलं दाबून थेंब काढला. तीनशे दहा!

"बघा!" मी म्हटलं.

बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या हातातल्या लाडवाकडे.

"काकू, घरी टोचण्याआधी हात धुता का?"

"पदराला पुसते की!"

त्यांनी ह्यांना बोटं साबणाने धुवायला लावली आणि स्वतः टोचलं. एकशे बारा.

"काकू, ही साखर काकांच्या रक्तातली नाही. तुमच्या हाताचा गूळ त्यांच्या बोटाला लागतो, यंत्र तोच मोजतंय."

नर्स हसू दाबत बाहेर पळाली. मला मात्र ते भाताशिवायचं ताट दिसायला लागलं आणि खरंच रडू आलं. "चुकलं हो माझं," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे गं," हे म्हणाले. "आज भात टाक म्हणजे झालं."

तिथून निमूट उठावं की नाही? पण विषय बदलायचा म्हणून मी म्हटलं, "बाई, आलेच आहे तर माझीही बघा की."

साबणाने हात धुतले. टोचलं. दोनशे सत्तर.

"गूळ राहिला असेल," मी म्हटलं आणि कोपरापर्यंत हात धुऊन आले. पुन्हा दोनशे सत्तर! प्रत्येक पाकाचा एक लाडू चाखल्याशिवाय पाक जमला हे कळणार कसं, सांगा?

बाई गंभीर झाल्या. "लॅबला रक्त देऊ या, पण पथ्य आजपासूनच. कडक हवं बरं का."

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमी काळजी करू नका, डॉक्टर. हिच्या पथ्याचं सगळं मी बघतो."

इतक्या मायेने बोलले हो, आणि माझ्या मंगळसूत्राला अडकवलेली कपाटाची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली!