धूर बाहेर, चव आत

शनिवारी दुपारचं ऊन गॅलरीच्या कठड्यावरून खाली उतरलं, की मुक्ताबाई आणि हिंदुराव एकमेकांना फोन लावतात. दोघांमध्ये अंतर चार हातांचं. मध्ये सरकतं काचेचं दार, तेही घट्ट लावलेलं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत मुक्ताबाई, बोटांत पेटलेली सिगार. आत आरामखुर्चीत हिंदुराव, पायांवर शाल, कानाला फोन. समोरच्या सोसायटीतल्या लोकांनी सुरुवातीला हे पाहायला पडदे सारले. आता सारत नाहीत. एकीनं भाजी घेताना विचारलं मात्र, ‘‘काकू, तब्येतीला बरी असते का हो ती?’’

‘‘माझ्या न्हाई, ह्यांच्या,’’ मुक्ताबाई म्हणाल्या आणि मेथीची जुडी उलटून पाहायला लागल्या.

उत्तर खरं होतं. सिगारी हिंदुरावांच्या. पुण्याच्या कर्वेनगरला अजून हिंगणेच म्हणणाऱ्या पिढीतले ते. नदीकडेची वांग्याची शेतं सोसायट्यांखाली गेली, एका तुकड्यावर त्यांची स्वतःची चार मजली इमारत उभी राहिली आणि हिंदुराव भाडेकरूंचे मालक झाले. पन्नाशीत एका बिल्डरनं त्यांना पहिली सिगार दिली. इतरांनी ती ओढून खोकून टाकून दिली. हिंदुराव ती शेवटच्या बोटभरापर्यंत ओढत बसले आणि घरी येऊन म्हणाले, ‘‘ह्यात काहीतरी हाय.’’

त्यानंतरची वीस वर्षं ते ‘काहीतरी’ शोधण्यात गेली. त्यांची पद्धत ठरलेली होती. सिगार एकटी ओढायची नाही. दोन देशांच्या दोन घ्यायच्या, आलटून पालटून ओढायच्या. ‘‘एकटीचं काय खरं? शेजारी दुसरी आली की दोघींचं कळतं,’’ असं ते म्हणत. दुसरा नियम असा, की क्युबाची घरात आणायची नाही. मुलगा विश्वजीत कामानिमित्त परदेशी जातो. त्यानं एकदा मोठ्या कौतुकानं क्युबाची आणली, तर हिंदुरावांनी ती वॉचमनला देऊन टाकली. ‘‘क्युबाची ओढणारा आधी नाव ओढतो, मग धूर. मला धुराशी काम हाय.’’ मग डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा, मेक्सिकोचं काळं पान, मध्येच आपली तिरुचिरापल्लीची. कपाटात देवदाराच्या पेटीत ती पानं झोपलेली असत, आणि पेटी उघडली की खोलीत एखाद्या लांबच्या गावचा वारा यायचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी हिंदुरावांच्या छातीत दुखलं. दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, एक झुरकासुद्धा नाही, आणि हे सांगताना त्यांनी हिंदुरावांकडे न बघता मुक्ताबाईंकडे बघितलं.

घरी आल्यावर हिंदुराव गप्प झाले. जेवायचे, गोळ्या घ्यायचे, टीव्हीसमोर बसायचे. टीव्ही बंद असला तरी बसायचे. दिवाळी झाली. मग एका दुपारी मुक्ताबाई वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेल्या, तर हिंदुराव कठड्याशी, दाराकडे पाठ करून उभे होते आणि सिगारचं टोक नुकतंच लाल झालं होतं. अजून ओठांना लागली नव्हती. मुक्ताबाईंनी ती काढून घेतली. घेतली खरी, पण पेटलेल्या सिगारचं करायचं काय, हे त्यांना समजेना. हिंदुरावांचा हात अजून पुढेच होता. तेव्हा त्यांनी ती स्वतःच्या तोंडात धरली.

हिंदुराव बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘‘कशी हाय?’’

दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

‘‘आत बसा, सांगते,’’ मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांनी दार लावून घेतलं, फोन लावला आणि सांगितलं. सांगणं चाललं होतं तोवर हिंदुराव खुर्चीतून उठले नाहीत. मुक्ताबाईंना एवढं कळलं, की जोवर आपण नीट सांगतोय, तोवर हा माणूस आत बसेल. आणि सांगणं कमी पडलं, की बाहेर येईल.

मुक्ताबाईंना तंबाखू नवी नव्हती. माहेर साताऱ्याकडचं. आई परसात खापरावर तंबाखू भाजायची, वाटून त्याची मिश्री करायची. मुक्ताबाईंनीही लग्नानंतर वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ ती दातांना लावली. विश्वजीतचं लग्न ठरलं तेव्हा हिंदुराव म्हणाले होते, ‘‘सून इंजिनिअर येतीय. काळे दात घेऊन बसू नकोस तिच्यापुढं.’’ मुक्ताबाईंनी त्याच दिवशी डबी फेकली. डोकं महिनाभर ठणकत होतं. घरात कुणी विचारलं नाही. आता त्याच घरात, त्याच माणसासाठी, त्यांच्या हातात तंबाखू आली होती. यावर दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही.

सून ऋतुजा मात्र बोलली. ‘‘आई, सीरियसली? पप्पा आत्ता कुठं बरे होतायत. आता तुमची फाइल उघडायची का?’’

‘‘माझं वय किती झालं गं?’’

‘‘अडुसष्ट. हे काय उत्तर झालं?’’

‘‘उत्तर न्हाई. तुला ठाऊक हाय का, ते बघितलं.’’

ऋतुजानं हात टेकले आणि अट घातली: आठवड्यातून एकदाच, आणि धूर गिळायचा नाही. मुक्ताबाई तसाही तो गिळत नव्हत्या. धूर तोंडात धरायचा, जिभेवर फिरू द्यायचा आणि सोडून द्यायचा, एवढं त्या पहिल्याच शनिवारी शिकल्या.

अडचण शब्दांची होती. हिंदुरावांनी इंटरनेटवर वाचून शब्द जमवले होते. ते त्यांना हवे असत.

‘‘डॉमिनिकनची काय म्हणती?’’ ते फोनवर विचारायचे.

‘‘दुधावरची साय. आन् त्यात कुणीतरी पेन्सिल तासलीय.’’

‘‘म्हणजे सीडर, देवदाराचं लाकूड. क्रीम आणि सीडर.’’

‘‘आसंल.’’

‘‘आणि मेक्सिकोचं पान?’’

‘‘चिंचोके भाजल्यावर येतो बघा, तसा.’’

‘‘कोको म्हणायचं असंल तुला.’’

‘‘मी कोको कुठं खाल्लाय? चिंचोके खाल्लेत.’’

तिरुचिरापल्लीची ओढून त्या म्हणाल्या, लोहाराच्या भात्यापुढं बसल्यासारखं वाटतंय. त्यावर हिंदुराव आतून हसले. काचेमुळे हसू ऐकू आलं नाही, नुसते खांदे हलताना दिसले आणि क्षणभरानं फोनमधून आवाज आला. अशा शनिवारांमागून शनिवार गेले. दुपारची कर्वेनगरची हवा हलकी असायची, कॉलेजं सुटून गेलेली, खालच्या रस्त्यावर एखादी रिक्षा. धूर कठड्यावरून निघायचा, शेजारच्या आंब्यात शिरायचा आणि तिथंच राहिल्यासारखा वाटायचा. मुक्ताबाई बोलत असायच्या आणि बोलता बोलता आपण कुठल्या गावातून बोलतोय, याची त्यांना खात्री नसायची.

जानेवारीत विश्वजीत दोन सिगारी घेऊन आला. एक निकाराग्वाच्या जालापा खोऱ्यातली, दुसरी होंडुरासमधल्या एका खोऱ्यातली. ऋतुजानं फोनवर नकाशा काढून दाखवला. दोन्ही खोरी एकमेकांना लागून, मध्ये नुसती देशाची हद्द.

‘‘म्हणजे आपलं हिंगणं आन् वारजं,’’ मुक्ताबाई म्हणाल्या. ‘‘मग चव येगळी कशी लागंल?’’

‘‘हिंगण्याचं वांगं आणि वारज्याचं वांगं एक लागायचं का?’’ हिंदुराव म्हणाले. खूप दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता. ‘‘ह्या शनिवारी कळतंय. नीट सांग पण. मागच्या टायमाला निम्मं सांगायचंच गिळलंस तू.’’

आणि मग टीव्हीकडे बघत म्हणाले, ‘‘न्हाई जमलं तर एक झुरका मी घेईन. एकानं काय होत न्हाई.’’

मुक्ताबाईंनी त्यांच्या गोळ्यांची डबी सरळ केली. शनिवारपर्यंत भाकरी थापताना, दळण निवडताना त्यांच्या डोक्यात शब्दच चालले होते. कुठला शब्द पुरेल. कुठला या माणसाला खुर्चीत धरून ठेवील.

शनिवारी त्यांनी होंडुरासची आधी पेटवली. काडी लांब धरून, टोक शेकत, हिंदुरावांनी शिकवलं होतं तशी. ती सोपी निघाली. ‘‘धान्याची कणगी उघडल्यावर येतो तो वास. कोरडा. मागनं जायफळ. घशाशी जरा खरबरीत,’’ त्यांनी सांगितलं. हिंदुरावांनी मान डोलावली. ती बशीच्या कडेला ठेवून मुक्ताबाईंनी जालापाची पेटवली.

पहिल्या झुरक्याला मिरी. ‘‘मिरी हाय,’’ त्या म्हणाल्या. दुसऱ्याला मिरी मागं सरली. गुऱ्हाळात काहील उतरवतात तेव्हा कडेला गूळ करपतो, तसलं काहीतरी आलं. तेही त्यांनी सांगितलं. तिसऱ्या झुरक्याला जे आलं, त्याला नाव नव्हतं. त्या ते शोधायला तोंडातला धूर धरून बसल्या.

धूर सुटला तेव्हा समोरचा आंबा नव्हता. पहाट होती, डोंगरांच्या पोटाशी धुकं होतं, आणि एक लांबलचक लाकडी छप्पर होतं, त्याखाली आढ्याला पानं उलटी टांगलेली, वटवाघळांसारखी, ओळीनं. छपराखाली ओलसर उबारा होता. एक बाई मांडीवर पानं घेऊन बसली होती आणि रंगानं निवडत होती, मुक्ताबाईंच्याच वयाची, कपाळ रुंद. तिनं मान वर केली नाही. नुसती बाकावर सरकली. मुक्ताबाई तिथं टेकल्या. कुणाला काही सांगायचं नव्हतं. जिभेवर काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि ते त्यांचंच होतं.

मुक्ताबाईंच्या मांडीवरच्या फोनमधून हिंदुराव म्हणत होते, ‘‘अगं? पुढं काय? ऐकू येतंय का?’’

मुक्ताबाईंना ऐकू येत नव्हतं. हिंदुरावांनी काचेतून बायकोचा चेहरा पाहिला. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. काच बोटांनी वाजवली. मग ते उठले.

दार सरकल्याचा आवाज आला तेव्हा मुक्ताबाई परत आल्या. हिंदुराव उंबऱ्यावर उभे होते, शाल आत खुर्चीखाली पडलेली. उजवा हात पुढे होता.

‘‘दे. एकच.’’

‘‘आत जावा.’’

‘‘तुला सांगता येत न्हाई हे. तुझ्या तोंडावर दिसतंय मला. दे हिकडं. माझी हाय ती.’’

‘‘तुमची होती,’’ मुक्ताबाई म्हणाल्या.

हिंदुराव एक पाऊल बाहेर आले. त्यांची बोटं सिगारपर्यंत पोचली. शेजारी फरशी पुसायची बादली होती, सकाळच्या पाण्यासकट. मुक्ताबाईंनी हात खाली नेला आणि बोटं सोडली. बारीक चुरर झालं. बशीवरची होंडुरासचीही त्यांनी तिच्यामागोमाग टाकली. गढूळ पाण्यात पानं उलगडायला लागली.

हिंदुराव बादलीकडे बघत राहिले. ‘‘अर्धी पण झाली नव्हती,’’ ते म्हणाले.

‘‘न्हवती.’’

‘‘चांगली होती?’’

‘‘आजवरची सगळ्यात.’’

‘‘आणि टाकलीस.’’

‘‘मग काय करू? आत चला. सांगते.’’

‘‘आता काय सांगणार? विझली की.’’

‘‘विझली म्हणूनच सांगता येईल. ओढताना सांगायचं म्हणजे सांगणंबी अर्धं आन् ओढणंबी अर्धं. आज पयल्यांदा गप बसून ओढली.’’

हिंदुराव उभेच राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू झाली आणि गेली. मग त्यांनी धाप लागल्यासारखा श्वास घेतला, दाराची चौकट धरली आणि वळून आत गेले. मुक्ताबाईंनी आत येऊन दार लावलं, तोंड धुतलं, साडी बदलली आणि केसांवरून ओला हात फिरवला. फोन बाहेरच खुर्चीत राहिला. आज त्या काचेच्या अलीकडे, हिंदुरावांच्या खुर्चीशेजारी वेताचा मोडा ओढून बसल्या.

त्यांनी मिरीपासून सुरुवात केली नाही. धुक्यापासून केली. लांब छपराचं सांगितलं, टांगलेल्या पानांचं सांगितलं. छपराखाली हवा कशी होती, ती तोंडात कशी लागली, ते सांगितलं. हिंदुरावांनी मध्ये एकदाही सीडर म्हटलं नाही. बाईचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘काय वयाची?’’

‘‘माझ्या बरोबरीची.’’

‘‘बोलली का?’’

‘‘न्हाई. जागा दिली बसायला.’’

हिंदुरावांनी मान खुर्चीला टेकवली. मग शेतकऱ्यानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘‘पाणी कुठनं हाय त्या रानाला?’’

मुक्ताबाईंनी डोळे मिटले आणि बघितलं. ‘‘डोंगरातनं पाट काढलाय. पाटापलीकडं होंडुरास. तिथंबी तंबाखूच, पण पान उलीसं जाड. माती लाल हाय त्यांची.’’

‘‘हद्दीवर कुंपण?’’

‘‘बांध हाय नुसता.’’

‘‘बांधच बरा,’’ हिंदुराव म्हणाले. त्यांचे हात पोटावर होते. मुक्ताबाई पाटाच्या कडेनं पुढं निघाल्या. पाणी थंड होतं, पलीकडे कुणीतरी बैल धूत होतं, धुकं आता छपरापर्यंत वर चढलं होतं. बाईनं एक पान त्यांच्या हातावर ठेवलं आणि हुंगायला खूण केली. त्या पानाला कसला वास होता ते मुक्ताबाई सांगू लागल्या, तोवर हिंदुरावांची हनुवटी छातीवर टेकली होती आणि ते संथ घोरत होते.

मुक्ताबाईंनी खाली पडलेली शाल उचलून त्यांच्या पायांवर घातली. मग पुन्हा मोड्यावर बसून, तशाच हळू आवाजात, त्या सांगत राहिल्या. त्यांचं अजून संपलं नव्हतं.