बाबांना न उघडणारं कुलूप

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची. शिक्षण बेताचंच, पण कुलपाला कान लावून डोळे मिटून बसायची सवय, त्यावरून हे नाव पडलं. कोणाची किल्ली हरवली, तुटून आत अडकली, कपाटाचं दार बसलं, की डॉक्टरांना बोलावणं यायचं आणि ते हातातला घास टाकून, अवजारांची पिशवी खांद्याला लावून निघायचे. सासूबाईंचं अर्धं आयुष्य त्यांचं ताट झाकून ठेवण्यात गेलं आणि उरलेलं त्याबद्दल बोलण्यात.

बाबांची एक पद्धत होती. कुलपाला हात लावायच्या आधी ते तीनदा दार वाजवायचे आणि विचारायचे, "कोणी आहे का घरात?" घरमालक स्वतः शेजारी ताटकळत उभा असला तरी विचारायचे. लोक हसायचे. "दुसऱ्याचं घर आहे, विचारल्याशिवाय आत जायचं नसतं," एवढंच म्हणून ते कान लावायचे. तारेची दोन टोकं आणि त्यांची बोटं, बस्स. कुलूप आपण होऊन उघडल्यासारखं उघडायचं.

माझ्या नवऱ्याने हे काम त्यांच्याच हाताखाली शिकून घेतलं. चिकाटी आहे, सचोटी आहे, पण बापाचा हात काही त्याला आला नाही. बाबा जिथे तार घालून मोकळे व्हायचे, तिथे हा घाम पुसत ड्रिल मशीन बाहेर काढतो. "कुलूप फोडायला कारागीर कशाला, दगड पुरतो," बाबा म्हणायचे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हा टोमणा मी ऐकत होते. त्या दिवशी नवऱ्याला जेवण मात्र कमी जायचं.

सासूबाई गेल्या आणि त्यानंतर बाबांचं विसरणं वाढत गेलं. आधी माणसांची नावं गेली, मग रस्ते. आमचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी सकाळी निघालेल्या बाबांना दुपारी कोणीतरी बाजारातून हाताला धरून आणायचं. नातेवाइकांचे सल्ले सुरू झाले. नणंदेने फोनवर सांगितलं, "वहिनी, बाबांना जरा कशात तरी गुंतवून ठेव." मी म्हटलं, "ये की चार दिवस, गुंतव." त्यावर तिच्याकडे नेमके पाहुणे येणार होते.

एके दिवशी बाबा पलीकडच्या वस्तीत एका घरापाशी गेले. दार वाजवलं, विचारलं, उत्तर आलं नाही. तेव्हा तार काढून कुलूप उघडलं आणि आत जाऊन खुर्चीवर बसून राहिले, मालक येईल म्हणून. आली ती घरातली बाई, एकटी, हातात सामान. तिने आरडाओरडा केला आणि माणसं जमली. कोणीतरी बाबांच्या कानाखाली वाजवली. नवरा पोहोचला तेव्हा बाबा गाल धरून सगळ्यांना समजावत होते, "मी विचारलं होतं हो."

ओळख निघाली म्हणून निभावलं. पुढच्या वेळी जमाव हातात काय घेऊन येईल याचा नेम नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही ठरवलं, बाबांनी एकटं बाहेर पडायचं नाही. त्यांची पिशवी दुकानात गेली. नवऱ्याने घराच्या दाराला आतूनही किल्ली लागणारं कुलूप बसवलं आणि किल्ली माझ्या गळ्यात अडकवली.

मी घरी शिवणकाम करते. दुपारी माझं मशीन चालू असायचं. दोन दिवसांनी बाबा मागून म्हणाले, "सूनबाई, मशीन जरा बंद कर गं. ऐकू येत नाही." मला वाटलं, रेडिओ ऐकताहेत. मी शहाणी मशीन बंद करून त्यांच्यासाठी चहा ठेवायला गेले. कप घेऊन आले तर दार सताड उघडं, आणि कुलपात माझ्याच केसांची पिन, वाकवलेली.

कोपऱ्यावरच सापडले. संध्याकाळी नवरा दारापाशी वाकून बघत होता, तर बाबा मागे येऊन उभे राहिले. "कोणी बसवलंय हे?" त्यांनी विचारलं. "स्क्रू तिरका गेलाय. नवखा दिसतोय." नवऱ्याचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी तो त्याहून भारी कुलूप घेऊन आला.

मग बापलेकांचं जुंपलं. अर्थात बापाला त्याचा पत्ताच नव्हता. मी पिना लपवल्या, त्यांनी छत्रीची काडी काढली. छत्री माळ्यावर टाकली, तर कपडे अडकवायच्या हँगरची तार. नवरा दर वेळी नवं कुलूप आणायचा, दर वेळी बाबा मला मशीन बंद करायला सांगायचे. आता मला कळत होतं, म्हणून मी ते मुद्दाम चालूच ठेवायचे, तेही जोरात. तरी मी संडासला गेले की ते संधी साधायचे. पायात चप्पल न घालता मी रस्त्याने त्यांच्यामागे धावलेय, गळ्यात टेप आणि तोंडात शिव्या. एकदा हाताला धरून ओढत आणलं आणि घरात येऊन त्यांच्यावर इतकी ओरडले की माझाच घसा बसला. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं काही हरवलंय का?"

नवऱ्याचं वेगळंच. उघडलेलं कुलूप हातात घेऊन तो दिव्याखाली बसायचा. "बघितलंस? ओरखडासुद्धा नाही," असं म्हणताना त्याला राग येत होता की अभिमान वाटत होता, देव जाणे. मी म्हटलं, "तुमच्या या सामन्यात माझा जीव जातोय. एकदा काय ते जिंका."

शेवटी त्याने एक कुलूप आणलं, जे त्याचं त्यालाच किल्लीशिवाय उघडेना. दुकानात बसून त्याने सगळं करून पाहिलं. मग समाधानाने ते घरी आणून बसवलं, आणि या वेळी स्क्रू अगदी सरळ.

बाबा त्याच्यापुढे स्टूल टाकून बसले. रोज दुपारी बसायचे. ते उघडलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. साचलेलं शिवणकाम मी हातावेगळं केलं आणि दुपारची डुलकीसुद्धा काढू लागले. नवरा दाढी करताना शीळ वाजवायचा. इतक्या वर्षांत एकदा तरी बापावर मात केली होती त्याने. मीही त्याला चिडवलं, "आता डॉक्टर तुम्ही."

मग एका दुपारी शिवता शिवता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कितीतरी दिवसांत बाबांनी मला मशीन बंद करायला सांगितलं नव्हतं. मी आपण होऊन थांबवलं आणि मागे वळून पाहिलं. ते स्टुलावर बसले होते, हातात हँगरची तार, न वाकवलेली. ती ते उलटसुलट करून बघत होते. कुलपाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. सकाळी उठून त्याने ते भारी कुलूप काढलं आणि आधीचं बसवलं. "हे उघडलं होतं त्यांनी," तो म्हणाला. हँगर जागेवर ठेवला, छत्री माळ्यावरून खाली काढली. मी पिना आरशापुढे मांडून ठेवल्या. बाबांनी कशालाच हात लावला नाही. मग त्याच्या आधीचं कुलूप आलं, मग अगदी पहिलं. अवघडातलं अवघड कुलूप शोधत बाजार पालथा घालणारा माझा नवरा आता दुकानातली भंगाराची पेटी उपसून सोप्यात सोपं शोधत होता. शेवटी त्याने लहान मुलांच्या गल्ल्याला असतं तसलं टिनपाट कुलूप आतल्या कडीला लावलं. ते जोरात ओढलं तरी निघालं असतं.

"बाबा, उघडा ना," मी म्हटलं. "बाहेर फिरून या जरा. मी नाही ओरडणार." त्यांनी मान डोलावली आणि बसून राहिले. मला आधी त्यांच्या जाण्याची भीती होती, आता त्यांच्या बसण्याची वाटू लागली. मी दुपारभर मशीन बंद ठेवून बघितलं, न जाणो आवाजाचाच त्रास होत असेल. त्या शांततेत मलाच वेड लागायची पाळी आली.

त्यानंतर नवऱ्याने तेही कुलूप काढून टाकलं. दार नुसतं लोटलेलं असायचं, वारा आला की फटीएवढं उघडायचं.

अशाच एका दुपारी मी मशीनवर होते आणि दार वाजलं. तीनदा. मी मशीन थांबवलं. दारापाशी बाबा उभे होते, आतल्या बाजूने, कपडे नीट करून. "कोणी आहे का घरात?" त्यांनी विचारलं. जरा वेळ वाट पाहिली. मग मागे वळले आणि मी त्यांना दिसले.

"तुम्ही या घरातल्या का?"

"हो," मी म्हटलं.

"किल्ली हरवली?"

मी मान डोलावली.

"मग उभ्या का? बसा इथे," त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं. "माझ्याच्याने आता होत नाही. पण काळजी करू नका. माझा मुलगा येईल, तो उघडेल. चांगला हात आहे त्याचा."

एवढी वर्षं हे वाक्य कुठे ठेवलं होतं या माणसाने? मला त्यांचा राग आला, आणि रडूही. मी स्टुलावर बसले. ते माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. काम पुरं झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या दारात बसायचं नसतं, म्हणाले. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघं घरात असूनही आपल्याच घराच्या बाहेर असल्यासारखे वाट बघत थांबलो.

नवरा आला. त्याने नेहमीसारखं दार ढकललं आणि आम्हाला समोर बघून थबकला.

"बघा," बाबा मला म्हणाले, "फोडावंसुद्धा लागलं नाही."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातातली पिशवी खाली ठेवायचीही त्याला आठवण राहिली नाही.

बाबा बाजूला झाले आणि त्यांनी रस्त्याकडे हात केला. "जा बाई, आता घरात जा. दिवस मावळायला आलाय."

मी उठले, उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिले. बाबांनी आतून आमचा निरोप घेतला आणि दार हळूच लोटून घेतलं.