खालून वर वाचणारे आमचे टीमलीडर

कुठलाही मजकूर वरून खाली वाचणं हा आमच्या टीमलीडरांच्या मते निव्वळ आळशीपणा होता. सरळ वाचलं की मन पुढचं आपलं आपणच भरून घेतं, म्हणून ते सगळं शेवटच्या ओळीपासून वर वाचत. लग्नपत्रिका आली की त्यांना आधी आहेर आणू नये हे कळे, मग कार्यालय, आणि वधूवरांपर्यंत पोचेस्तोवर चहा निवून जाई. एकदा तर नावांपर्यंत न पोचताच ते द्वारका चौकाजवळच्या कार्यालयात जेवून आले. लग्न कोणाचं होतं ते त्यांना सांगता येईना, मठ्ठ्याचं कौतुक मात्र दोन दिवस चाललं होतं.

दोन हजार आठच्या सुमारास इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटात आमची कंपनी होती. बेडरूममध्ये सर्व्हर, स्वयंपाकघरात आम्ही. मी नवी, सहा महिन्यांच्या बोलीवर. द्राक्षांच्या एका शीतगृहासाठी आम्ही जावामध्ये वेबसाइट करत होतो. तिच्यातल्या बुकिंगच्या तक्त्यासाठी मी खास आमचा असा एक टॅग, म्हणजे पानावर टाकली की अख्खा तक्ता उभा करणारी एक खूण, लिहिला होता. सोमवारी चारला गिऱ्हाईक येणार, आणि सकाळी बघते तर तक्त्याच्या जागी नुसतं पांढरं. काय बिनसलंय हे सांगणारा एक शब्दही पडद्यावर नाही. हे आज चाललं नाही तर उद्यापासून येऊ नकोस, असं मालकांनी मला सगळ्यांदेखत सांगितलं.

मी माझा कोड तीनदा तपासला. टीमलीडरांनी मात्र कॉन्फिगरेशनच्या फाइलची प्रिंट माझ्या हातात दिली आणि खालून वर, मोठ्याने, कंसांसकट वाचायला लावली. मी रडवेल्या आवाजात वाचत होते, ते डोळे मिटून ऐकत होते. टॅगची लायब्ररी, म्हणजे त्याचा कोड असलेली फाइल, कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारी ओळ आली आणि त्यांनी डोळे उघडले. त्या पत्त्यावर आता ती फाइल नव्हतीच. शनिवारच्या आवराआवरीत ती दुसरीकडे गेली होती, पत्ता जुनाच राहिला होता.

"कोणी हलवली?" मालकांनी माझ्याकडे बघत विचारलं.

"मी," टीमलीडर म्हणाले. "हिचं काही चुकलेलं नाही, साहेब. टॅग चांगला लिहिलाय तिने."

पत्ता बदलला, सर्व्हर पुन्हा चालू केला, तक्ता आला. माझी नोकरी राहिली. त्यांनी आठवडाभर मालकांची बोलणी खाल्ली आणि वर्षभरात कंपनी सोडली. पुढे गाठ पडली नाही.

आता माझ्या हाताखाली पाच जण आहेत. गेल्या महिन्यात एक सेटिंग मीच बदलून विसरले होते. दुपारी ते लक्षात आलं, तरी एक नवी मुलगी आपली चूक शोधत घामाघूम होत असताना मी गप्प बसून राहिले. 'मी' एवढंच म्हणायला मला संध्याकाळ झाली. त्या दिवशी टीमलीडर फार आठवले.