व्हल्गॅरिस म्हणजे साधं

गेल्या महिन्यात अकरावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "सर, लॅटिन शिकलं तर इंग्रजी सोपं जातं का?" मी नेहमीचं उत्तर दिलं. शब्द ओळखू येतात, बोलणं येत नाही, आणि कधी कधी ओळखीचा शब्दच दगा देतो. उदाहरण मात्र दिलं नाही. ते उदाहरण मी वीस वर्षं देत आलो होतो, आणि ते माझ्या बायकोचं होतं.

तिचे वडील अकोल्याला एका कृषी महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. झाडांपुढच्या पत्र्याच्या पाट्या तेच रंगवायचे आणि ती रंगाचा डबा धरून शेजारी उभी राहायची. रातराणीला नॉक्टर्नम, पांढऱ्या फुलाला अल्बा. तिथल्या सरांना विचारून वडील तिला अर्थही सांगत. दहावीपुढे ती शिकली नाही, पण लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा असे शंभरेक शब्द तिच्याजवळ होते. मी इंग्रजीचा एम.ए., मला त्यांतला एकही येत नव्हता. माझ्या पुस्तकातला 'नॉक्टर्नल' पाहून ती म्हणाली, "हे तं आपली रातरानी हाये." मला कौतुक वाटलं. इंग्रजी शिकवतो म्हणालो, आणि ते सुट्टीवर ढकललं.

त्याच वर्षी आमचे प्राचार्य आणि त्यांच्या पत्नी चहाला आले. बाई पुण्याच्या, निम्मं बोलणं इंग्रजीत. त्यांनी घर नीटनेटकं असल्याचं म्हटलं, तेव्हा बायकोनं ट्रे खाली ठेवला आणि मनात जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "वुई आर व्हल्गर पीपल."

बिटाच्या पाटीवर 'बीटा व्हल्गॅरिस' असतं. व्हल्गॅरिस म्हणजे साधं, घरोघरचं. तिला म्हणायचं होतं, आम्ही साधी माणसं. पण आज व्हल्गर म्हटलं की अश्लील. पाहुण्यांना काय करावं कळेना. मी हसलो. सगळ्यांत आधी मी, म्हणून मग तेही हसले. इंग्रजीतही या शब्दाचा जुना अर्थ साधा असाच होता, हे मला ठाऊक होतं. ते सांगायला एक मिनिट लागलं असतं.

पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, "काय चुकलं वो माह्यं?"

"काही नाही. शब्द जरा वाईट निघाला."

ती कप विसळायला गेली. पुन्हा तिनं इंग्रजीत वाक्य म्हणून जुळवलं नाही. मी मात्र 'एक बाई म्हणाली' असं म्हणून तो किस्सा दरवर्षी वर्गात सांगितला.

घरामागे तिनं नर्सरी उभी केली. भातकुलीकडचे लोकही रोपं न्यायला येतात. यंदा अकोल्याच्या पुष्पप्रदर्शनात तिच्या कुंडीतल्या भाज्यांना जागा मिळाली. परीक्षक बंगळुरूचे, म्हणजे माहिती इंग्रजीत द्यावी लागणार. ती म्हणाली, "मले चार वाक्यं शिकवा. पन हासू नका."

तेव्हा मी वर्गातल्या किश्श्याचं सांगून टाकलं. ती रोपांची वाळकी पानं खुडत होती. हात थांबला नाही.

"मले मालूम हाये. तुमच्या वर्गातली एक पोरगी गुलाब न्याले आल्ती. तिनंच सांगतलं, हासून हासून."

"मग मला काहून बोलली नाहीस?"

"तुमचा वर्ग रंगून राह्यला होता ना त्याच्यावर."

पंधरा दिवस शिकवलं. खरं तर शब्द तिच्याकडे होतेच. 'इज' कुठं आणि 'आर' कुठं, एवढंच माझ्याकडून हवं होतं. ते मी वीस वर्षं दिलं नव्हतं.

प्रदर्शनात मी झारी घेऊन मागे उभा होतो. परीक्षक लाल देठांच्या कुंडीपाशी थांबले.

"धिस इज बीटा व्हल्गॅरिस, सर," ती म्हणाली. "व्हल्गॅरिस मीन्स कॉमन." मग माझ्याकडे बोट केलं. "लाइक माय हजबंड."

परीक्षक मोठ्यानं हसले. मी ओठ दाबून उभा राहिलो, कबूल केल्याप्रमाणे.

तिनं मागे वळून पाहिलं. "आता हासा ना. हासासाठीच तं बोलली मी."