मोडनिंबच्या मारुतीला लॉरीच्या प्रदक्षिणा

आयुष्यात मी एकदाच सगळ्यांच्या पुढं गेलो, आणि तेसुद्धा थांबता येत नव्हतं म्हणून. आता तुम्ही चहा पाजलाच आहे तर सांगतो. हसायचं असलं तर खुशाल हसा, पण कप खाली ठेवून हसा. मागं एकाच्या नाकातनं चहा आला होता.

बाहत्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सोलापुरात मल्लूशेठकडं ड्रायव्हर होतो. मल्लूशेठ म्हणजे तेलाच्या घाण्याचे मालक, मूळचे आमच्या मैंदर्गीचेच. त्यांच्याकडं एक जुनी लॉरी होती. लढाई संपल्यावर आठ-दहा वर्षांनी मिलिटरीनं लिलावात काढली, ती शेठच्या वडलांनी घेतली आणि माझ्या हातात दिली. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. तसं बघितलं तर माझी बायकोच दुसरी.

स्वभावानं ती लॉरी माझ्यासारखी, सावकाश. पुढनं लोखंडी हँडल घालून सात-आठ वेळा फिरवल्याशिवाय जागी व्हायची नाही. आणि एकदा जागी झाली की तिला थांबवायची सोय नव्हती. पेट्रोलच्या पेडलवरनं पाय काढला की इंजिन बंद. पाय दाबून नुसती उभी ठेवावी, तर रेडिएटरचं पाणी उकळायचं. चालत्या गाडीला वारा लागतो, म्हणून चालत असली तरच ती गार. माणसंपण असतात की अशी, रिकामं बसवलं की तापणारी.

एक दिवस शेठ म्हणाले, "आप्पा, ही आता मोडीत काढायची. नवी गाडी घेतोय."

मी मान हलवली. कुणी काहीही सांगितलं की मी आधी मान हलवतो. पण त्या रात्री भाकरी गेली नाही.

तेवढ्यात शेठना कुणीतरी भेटलं. जुन्या गाड्यांची हौस असणारी मंडळी, काही पुण्याची, काही आपल्या सोलापूरची. डॉक्टर, वकील, कारखानदार. त्यांनी ठरवलं होतं की नुसत्या जुन्या लॉऱ्या काढायच्या आणि सोलापूर ते मोडनिंब जाऊन परत यायचं.

मी विचारलं, "माल काय भरायचा?"

शेठ म्हणाले, "माल न्हाई."

"मग मोडनिंबातनं माल आणायचा?"

"न्हाई. रिकामीच आणायची."

"मग जायचं कशाला?"

"हौस, आप्पा. हौस."

चाळीस मैल रिकामी गाडी न्यायची आणि रिकामी आणायची, आणि वर लोक टाळ्या वाजवणार. आम्ही वीस वर्षं तीच लॉरी त्याच रस्त्यानं पोत्यांनी भरून नेत होतो, तेव्हा पोलीस सोडून कुणी हातसुद्धा दाखवला नाही.

पण शेठ पुढं म्हणाले, "हे बघ. ढकलायचं न्हाई, दोर बांधून ओढायचं न्हाई, असा नियम हाय. मोडनिंबात अर्धा तास इंजिन बंद करून उभी करायची, परत चालू करायची, आणि सोलापूरला यायचं. तेवढं जमलं तर ठेवतो हिला. न्हाई जमलं तर मोडीत."

झालं. मला हौस नको होती, मला लॉरी पाहिजे होती.

त्या दिवशी सकाळी मी पोचलो तर लॉरी धुऊन-पुसून, हार घालून चालूच होती. शेठच्या मिस्त्रीनं तिला आधीच जागी केलेली. मी वर चढलो. स्टिअरिंगजवळ एक नवीन काळी मूठ बसवलेली दिसली. मला बरं वाटलं. म्हटलं, शेठ मनानं चांगले, माझी पान-तंबाखूची चंची अडकवायला खुंटी मारून दिली. मी लगेच अडकवली.

शेठ खालनं हात करून काहीतरी सांगत होते. एकीकडं इंजिन, एकीकडं बँड. मला अक्षर ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

प्रत्येक लॉरीत एक माणूस लक्ष ठेवायला दिलेला. माझ्या शेजारी कॉलेजातले एक सर बसले. अंगानं भरलेले, कोट घातलेला, हातात घड्याळ आणि एक पुठ्ठ्याचं कार्ड. निघायच्या आधी आग्रहाखातर त्यांनी तीन कप चहा घेतला होता. हे मला नंतर कळलं. कसं कळलं ते सांगतोच.

सीना नदीचा पूल ओलांडला आणि मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. काय चुकतंय ते कळेना. पानही खाल्लं होतं, चपलाही पायात होत्या. मग एका खड्ड्यात गाडी आदळली आणि एकदम ध्यानात आलं. आमचं हँडल सीटखाली ठेवलेलं असायचं. गाडी आदळली की ते घरंगळत येऊन माझ्या टाचेला लागायचं, टण्‌ करून. वीस वर्षं लागत होतं. आज टाच मोकळी.

मी वाकून हात घातला. हँडल नव्हतं.

सांगा आता. इंजिन बंद करायचा नियम, चालू करायला हँडल नाही, ढकलायची बंदी.

"सर," मी म्हणालो, "हँडल घरी ऱ्हायलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आता गाडी थांबवता येत न्हाई."

सरांनी हातातलं कार्ड बघितलं. मग खिडकीबाहेर बघितलं. मग हळूच म्हणाले, "मोहोळला तरी थांबाल ना जरा?"

"कशाला?"

"तसं काही नाही."

मोहोळ आलं, मोहोळ गेलं. सरांनी पाय जुळवून घेतले. मी जोरात चाललो होतो, कारण हळू झालं तर बंद पडेल ही धास्ती. एकेक लॉरी मागं पडत गेली. पुण्याच्या एका साहेबांनी हॅट काढून मला सलाम केला. त्यांना वाटलं, म्हातारा शर्यत मारतोय. मी घामानं भिजलो होतो.

"आप्पा, एखादं झाड बघून..."

"सर, तुमी उतरा की. मी हळू करतो, तुमी उडी मारा."

"चालू गाडीतून उतरायचं नाही असा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझाच," सर म्हणाले. "मीच लिहिलाय." आणि डोळे मिटून घेतले.

मोडनिंबात मी सगळ्यात आधी पोचलो. रस्त्याकडंला मारुतीचं देऊळ, भोवती मोठं पटांगण, एका बाजूला मांडव घातलेला. शेठ आपल्या मोटारीनं पुढं येऊन त्या मांडवात चहा पीत बसलेले. गाव सगळं गोळा झालेलं. माझ्या डोक्यात एकच विचार होता. मागनं येणाऱ्या कुणाकडं तरी हँडल असणारच. ते येईपर्यंत गाडी हलती ठेवायची. मग कुठं हलवायची? मी देवळाभोवती वळवली.

वार कुठला होता? शनिवार. आता बोला.

दुसऱ्या फेरीला एक म्हातारी हात जोडून उभी. तिसऱ्या फेरीला तिनं विचारलं, "कशाचा नवस हाय रं बाबा?"

मी काय सांगणार? एवढ्या आवाजात हँडलची गोष्ट कुठनं सुरू करू? मी मान हलवली.

"किती घालणार हाईस?"

"आता देवालाच ठावं, आजी."

हे बोललो ते चुकलं. म्हातारी मागं वळून ओरडली, "अगं ए, माणसानं मोजायचंबी सोडलंय. लई मोठा नवस हाय."

पाचव्या फेरीला चार बाया लॉरीच्या मागनं चालायला लागल्या. सातव्या फेरीला कुणीतरी रुईच्या पानांची माळ दिव्यावर टाकली. पोरं मोजत होती, आठ, नऊ, दहा. अकराव्या फेरीला गुरव नारळ घेऊन आडवा आला. मी हातानं बाजूला हो म्हणालो.

"अकरा झाल्या की," गुरव म्हणाला.

"थांबता येत न्हाई हो."

गुरवानं लोकांकडं तोंड केलं. "एकविसाचा हाय."

शेजारी सर आता एका बाजूला कलले होते, आणि त्यांच्या तोंडानं बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. खालनं एक बाई दुसरीला म्हणाली, "ते कोट घातलेलं बघ. डोळं मिटून जप चाललाय."

आणि मग हॅटवाले साहेब आले. माझा जीव भांड्यात पडणार, तर त्यांनी काय करावं? मी देवळाभोवती फिरतोय बघून त्यांना वाटलं, रस्ता असाच आखलाय. ते माझ्या मागं लागले. मी खिडकीतनं हात काढून बोलावतोय, ते आपले हात हलवतायत. त्यांच्या मागनं एक डॉक्टर आले, तेही वळले. मग आणखी तीन. सहा लॉऱ्यांची माळ झाली. माझं तोंड आता शेवटच्या लॉरीच्या शेपटाला लागलं. पुढं कोण आणि मागं कोण, ते मारुतीलाच ठावं. धूळ अशी की देव दिसेना. बाया चालतायत, पोरं मोजतायत, गुरव नारळावर नारळ फोडतोय.

तेव्हा कुठं शेठ मांडवातनं उठले. एका हातात कपबशी, एका हातात धोतराचा सोगा, माझ्या बरोबरीनं पळायला लागले.

"आप्पा, थांब की."

"थांबता येत न्हाई, मालक. हँडल ऱ्हायलंय."

"हँडल मी काढून ठेवलंय."

"का काढलं?"

शेठना उत्तर द्यायचं होतं, पण दम लागला. ते मागं पडले. देवळाच्या दुसऱ्या अंगानं कापून परत माझ्यापुढं आले. चिडले की ते कानडीत शिरायचे. "एऽ निल्लसो," म्हणजे थांबव म्हणत होते. म्हातारी म्हणाली, "मालकाचाबी नवस दिसतोय," आणि त्यांच्या कपाळाला शेंदूर लावला. पळत्या माणसाला लावला म्हणून तो नाकापर्यंत गेला.

"आप्पा," शेठ बारीक आवाजात म्हणाले, "नवीन बॅटरी घातलीय. सेल्फ बसवलाय. हँडल लागत न्हाई. सकाळी सांगितलं की तुला. मान हलवलीस न्हवं तू?"

"सेल्फ कुटं हाय?"

"त्या काळ्या मुठीवर चंची कशाला अडकवलीस?"

मी चंचीकडं बघितलं. ती सकाळपासनं तिथं डुलत होती.

पाय उचलला. इंजिन बंद झालं. मागच्या लॉऱ्या कशाबशा थांबल्या. एवढी शांतता झाली की रेडिएटरची वाफ ऐकू यायला लागली. सरांनी डोळे उघडले, दार उघडलं, आणि मारुतीकडं न बघता बाभळींकडं निघाले. पळत नव्हते, पण चालतही नव्हते. लोकांनी भक्तिभावानं वाट दिली.

"दर्शन न घेताच चाललं की," म्हातारी म्हणाली.

"येतील," मी म्हणालो. "हलके होऊन येतील."

तो अर्धा तास माझा कसा गेला ते विचारू नका. बाकीची मंडळी चहा पीत होती. मी सीटवर बसून त्या मुठीकडं बघत होतो. अशी एवढीशी मूठ ओढून एवढं मोठं इंजिन उठेल, ह्यावर माझा भरवसा बसेना. नाही उठलं तर आजच ह्या लॉरीचा शेवट. सरांनी घड्याळ बघून खूण केली. शेठ नाकाला शेंदूर तसाच घेऊन खाली उभे. मी मारुतीला हात जोडले, खरे खरे, आणि मूठ ओढली.

एका दमात उठली. हँडलनं कधी उठली नव्हती अशी उठली. मला आनंद झाला, आणि थोडं वाईटपण वाटलं. वीस वर्षं मी घाम गाळत होतो आणि बाईसाहेबांना नुसतं बोट लावायला पाहिजे होतं.

संध्याकाळी सोलापुरात आलो, कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही. सरांनी कार्डावर सही केली. शेठ बोलल्याप्रमाणे म्हणाले, "लॉरी ठेवली."

मला वाटलं, विषय मिटला.

सोमवारी मी वाड्याच्या दारात लॉरीच्या चाकांना लागलेला नारळाचा चोथा काढत बसलो होतो. दोन हमाल आणि मोठा काटा घेऊन भंगारवाला आला. शेठनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

"शेठ, लॉरी न्यायला आलोय."

"लॉरी न्हाई द्यायची. ती चांगली हाय," शेठ म्हणाले. "पण आलायस तर मोकळा जाऊ नकोस. ह्याला घेऊन जा." आणि माझ्याकडं बोट केलं.

मोडनिंबची गोष्ट सोलापुरात आमच्या आधी पोचली होती. भंगारवाल्यानं मला खालपासनं वरपर्यंत बघितलं, हमालांना काटा ठेवायला सांगितला, आणि तोंड जराही न हलवता म्हणाला,

"घेतो की शेठ. तुमच्या लॉरीतच घालून पाठवा. ड्रायव्हर तेवढा दुसरा द्या. आमच्या दुकानासमोरबी मारुती हाय."