साइटवर गेलेली बाई

यजमान गेले त्या वर्षीची मी आज समोर आली, तर आधी तिला एक चापट देईन आणि मगच चहा विचारीन. इतकी बावळट बाई आमच्या भोसरी पट्ट्यात दुसरी नव्हती.

आमचं घर जुन्या गावातलं. शेती बहुतेक कारखान्यांत गेली, यजमानांच्या नावावर अकरा गुंठे उरले. शेजारीच धाकट्या दिरांची जागा. तेराव्याच्या जेवणानंतर दीर म्हणाले, "वारसनोंदीचं मी बघतो वहिनी. तुमी कशाला कचेरीत हेलपाटे घालता?" वारसनोंद म्हणजे सातबाऱ्यावर मयताच्या जागी बायकापोरांची नावं लावणं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढा गुणाचा माझा दीर, असं मी चार बायकांना सांगितलं. त्या चौघींनी आतून काय म्हटलं असेल ते आज मला ऐकू येतं.

वर्षभराने भीत भीत विचारलं, "भाऊजी, नाव लागलं का?"

"आता समदं साइटवर असतंय वहिनी. साइटवर जाऊन बघा की."

आमच्याकडे साइट म्हणजे एकच. जिथे सिमेंटचा मिक्सर फिरतो ती. मला वाटलं, बिल्डर लोकच आता जमिनीचे कागद ठेवत असतील. मी काठाची साडी नेसले, शेअर रिक्षात बसले आणि मोशीच्या अंगाला एक मोठी बिल्डिंग चालली होती तिथे जाऊन उतरले. गेटवर लातूरकडचा वॉचमन होता.

"माझं नाव लागलंय का बघायचंय," मी म्हटलं.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मुकादम उद्या येतेत मावशी. वय जास्त दिसतंय तुमचं, पण भिंतीला पाणी मारायचं काम देतेल."

आणि ही शहाणी घरी येऊन सगळं स्वतःच्याच तोंडाने सांगून बसली! दिरांना आयतं मिळालं. कुणाची हळद असो, बारसं असो, "आमच्या वहिनीस्नी साइटवर जा म्हणलं, तर पाणी मारायचं काम लागलं!" सगळे हसायचे. मीही पदर तोंडाला लावून हसायचे. भाऊजींचं एक वेळ सोडून देईन, पण त्या पदराआडून हसणारीला मी अजून माफ केलेलं नाही.

सहा वर्षं हसले. गेल्या साली पुतण्याच्या लग्नात त्यांनी ती गोष्ट माझ्या व्याह्यांसमोर सांगितली. पंगत हसली, माझा मुलगा हसला नाही. तो पत्रावळीकडे बघत बसला. लेकराला आईची लाज वाटत नसून दुसऱ्याच कशाची तरी वाटते आहे, हे आईला कळतं. त्या पंगतीत माझा घास थांबला, तो थांबलाच.

माझी सून चाकणला कंपनीत क्वालिटीत आहे. सेकंड शिफ्ट असली की दुपारी बस यायच्या आधी तिला तासभर मिळतो. मी तिला म्हटलं, "मला ती साइट दाखव. आणि तू दाबू नकोस, मला दाबू दे."

तिने मला इंटरनेट शिकवलं ते असं. इंटरनेट म्हणजे रस्ते. साइट म्हणजे त्या रस्त्यावरचं एकेक घर, आणि वरच्या पट्टीत लिहितात तो घराचा पत्ता. पत्ता ठाऊक नसेल तर सर्च करायचं, म्हणजे कोपऱ्यावरच्या टपरीवर विचारायचं. "पण आई, टपरीवाला पहिलं नाव सांगेल ते खरंच असतं असं नाही. पैसे देऊनही काही जण आपलं नाव वर लावून घेतात." हे मला लगेच पटलं. गावात आणखी काय चालतं? ईमेल म्हणजे पत्र, पण कधी, किती वाजता गेलं त्याची नोंद राहणारं. ही नोंद मला सगळ्यात आवडली. माझ्या आयुष्यात मी जे जे बोलले त्याची नोंद कुणीच ठेवली नव्हती. आणि पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो. मी सुनेलाही सांगितला नाही. ती खूश झाली.

जमिनीच्या कागदांची सरकारी साइट उघडली, तर त्या साइटनेच वाकडीतिकडी अक्षरं दाखवून ती लिहा म्हटलं.

"हे कशाला?"

"तुम्ही मशीन नाही, माणूस आहात, हे सिद्ध करायचं."

"या घरात चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही," मी म्हटलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा माणूस ठरले.

गट नंबर घातला. यजमानांचं नाव तसंच होतं, सात वर्षं कुणी हातही लावलेला नव्हता. पण खाली एक ताजी नोटीस होती. वारसनोंदीचा अर्ज नुकताच झाला होता, आणि वारस म्हणून एकच नाव होतं, माझ्या मुलाचं. माझं नव्हतं. बायको मागे नाहीच, असा तो कागद होता. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा. त्यातले अकरा गेले होते.

आता कळलं. दिरांकडे हल्ली एक बिल्डर येत होता, त्याला त्यांची आणि आमची अशा दोन्ही जागा एकत्र हव्या होत्या. मुलगा काकांच्या शब्दाबाहेर नाही, एका सहीत काम झालं असतं. माझी सही मागायला नको, म्हणून मीच नको.

अर्जावर सही कुणाची असणार, हे मी सुनेला विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. तिची बस खाली हॉर्न देत होती. ती उठली नाही. "आई, टाइप करा," म्हणाली.

मी एका बोटाने टाइप केलं: मी मयताची पत्नी आहे. मी जिवंत आहे. माझी हरकत आहे. रेशनकार्डाचा आणि लग्नपत्रिकेचा फोटो जोडला आणि नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर ईमेल केला. त्याचीच प्रिंट काढून दुसऱ्या दिवशी कचेरीत दिली, पोच घेतली.

सुनावणीला दीर पांढऱ्या कपड्यांत आले. "सायेब, वहिनी अडाणी हायेत. त्यास्नी न्हाई कळत यातलं. कुणीतरी भरवलंय."

साहेबांनी मला विचारलं, "हा मेल कुणी पाठवला आजी?"

"मीच. मंगळवारी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी."

मग साहेबांनी माझ्या मुलाला विचारलं, "या तुमच्या कोण?" तो काकांकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तिकडं काय बघतोस? त्यांनी नाही जन्म दिला तुला." कारकून हसला. मुलगा म्हणाला, "आई." तेवढा एक शब्द काढायला त्याला जो वेळ लागला, तो मी विसरणार नाही. त्याच्या ताटात अजून मी स्वतः भाकरी वाढत नाही. घेतो हाताने.

नाव लागलं. मुलाच्या आधी माझं.

दुसऱ्याच आठवड्यात दीर घरी आले, पेढे घेऊन. "जाऊ द्या वहिनी, घरातली गोष्ट. बिल्डर चांगला भाव देतोय. तुमची एक सही."

"बघते," मी म्हटलं. चहा दिला. साखर घातली नाही, आणि त्यांनी तो मुकाट्याने प्यायला. तेव्हाच मी ठरवलं, सही नाही. भाव चांगला असेल तरी नाही. ही शहाणपणाची गोष्ट आहे असं माझं म्हणणं नाही.

त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यालाच मी पत्र्याचा बोर्ड ठोकला. 'ही जागा विकणे नाही', खाली माझं पूर्ण नाव, नात्याचा उल्लेख नाही. पेंटर म्हणाला, "आजी, अक्षरं जरा जास्तच मोठी होतायत." म्हटलं, होऊ दे.

बोर्डाचा फोटो मी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रुप मीच काढलेला, एकशे बारा माणसं, माझे आणि दिरांचे व्याही धरून. फोटोवर पहिला अंगठा चुलत जावेने दिला. मग अंगठेच अंगठे. पाचव्या मिनिटाला दिरांनी ग्रुप सोडला.

मी त्यांना परत घेतलं. त्यांनी पुन्हा सोडला. मी पुन्हा घेतलं. सून म्हणते, "आई, पुरे आता." पण त्यांना मला अडवायचं कसं ते अजून सापडलेलं नाही, आणि ते शिकायला भाऊजी ज्याच्याकडे जातील तो माझा मुलगाच. तोवर रोज सकाळी देवाला फूल वाहून झालं की मी चष्मा लावते, यादीत भाऊजींचं नाव शोधते, आणि दाबते.